जागेवाल्याची सही

पिंप्राळ्याच्या नवजीवन फुटबॉल क्लबची वार्षिक सभा कधी चार भिंतींच्या आत झाली नाही. ती होते डिसेंबरात, भाईदासआबांच्या शेतात, भरताच्या जेवणाआधी. आबा क्लबचे अध्यक्ष. वय सत्तरीला टेकलेलं, सगळं आयुष्य कपाशीत गेलं आणि स्वतः त्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही. पण तीस वर्षांपूर्वी पोरं उगाच टवाळक्या करत फिरतात म्हणून त्यांनी एक चेंडू आणून दिला, तेव्हापासून क्लब आबांचा आणि आबा क्लबचे. सभेला त्यांचा दंडक एकच. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून होईपर्यंत सगळे ठराव उरकले पाहिजेत. वांगी एकदा लाकडी बडगीत ठेचायला घेतली की सभा संपली. मोठमोठ्या सभागृहांना जे जमलं नाही ते आबांच्या वांग्यांनी जमवलं होतं. तिथं कुणी लांबण लावत नसे.

यंदा ठराव एकच होता, पण तो प्रेमराजच्या अगदी गळ्याशी आला होता.

प्रेमराज क्लबचा गोलकीपर. मूळचा साक्रीकडचा. पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून जळगावात आला आणि पिंप्राळ्यात दोन खोल्या घेऊन बायकोबरोबर राहू लागला. वय एकोणतीस. तीन वर्षं त्यानं राखीव गोलकीपर म्हणून बाक झिजवला. मग दोन वर्षांपूर्वी क्लबनं मुख्य गोलकीपर ललितला मोकळं केलं आणि गोलमधली जागा याला मिळाली. आता त्याच ललितनं साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज केला होता. धाकटा भाऊ केळीचं बघतो, मला जळगावात काम मिळालंय, हात शिवशिवतात, परत घ्या.

दुसऱ्या कुठल्या क्लबात असता तर प्रशिक्षकानं निर्णय घेऊन टाकला असता. नवजीवनमध्ये तसं चालत नाही. शेताची मोजणी करायची तर लगतच्या शेतकऱ्याची सही लागते, मग माणसाची जागा मोजायची तर का लागू नये, असा आबांचा सवाल. म्हणून मोकळा केलेला खेळाडू परत घ्यायचा तर आज त्याच्या जागी जो उभा आहे त्याची संमती हवी. जागेवाल्याची सही म्हणतात तिला. सही नाही, तर अर्ज फाडून जाळात. तीस वर्षांत तीन अर्ज आले होते आणि तिन्ही जाळात गेले होते. आपल्या पानातली भाकरी कोण सुखासुखी उचलून देतो!

जितेंद्र सर, म्हणजे क्लबचे प्रशिक्षक, सभेच्या दोन दिवस आधी प्रेमराजकडे चहाला आले. शाळेत पीटी शिकवणारा माणूस, बोलणं शिट्टीसारखं सरळ.

"हे बघ, तुला अंधारात ठेवणार नाही," ते म्हणाले. "ललित आला तर गोलमध्ये तो उभा राहील. गेल्या आठ सामन्यांत आपण अकरा गोल खाल्लेत. तू मेहनती आहेस, पण उंच आलेल्या चेंडूवर तू अजून कचरतोस. आणि नवीन वर्षापासून धुळ्याची लीग आहे. सही करायची की नाही ते तुझं तू ठरव. नाही केलीस तरी मी तुझ्यावर डूख धरणार नाही."

सर गेले आणि प्रेमराजनं कप तसाच हातात धरून ठेवला. बाकावर परत जायचं. तिशीत बाकावर बसलेला माणूस तिथून उठतो तो थेट घरीच जातो, हे त्याला ठाऊक होतं. साक्रीला त्याच्या वडिलांनी, नथ्थूनानांनी, पेपरात आलेलं त्याचं नाव कापून देवघराशेजारी चिकटवलं होतं. एवढंसं कात्रण होतं ते, पण बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला नाना ते दाखवत.

बरं, एवढंच असतं तर तो सरळ नाही म्हणून मोकळा झाला असता. पण त्याच्या पोटात दोन वर्षांपासून एक गोष्ट बसली होती, आणि ती बायको मेघाशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

झालं होतं असं. त्या वर्षी धुळ्यातला अंतिम सामना आणि भरीत एकापाठोपाठ आले; शनिवारी दुपारी भरीत, रविवारी सामना. दरवर्षी वांगी भाजणारे उखर्डूबाबा नेमके लग्नाला गेलेले. मग वांगी कोण भाजणार? राखीव खेळाडू. राखीव खेळाडू असतात कशाला! प्रेमराजनं वीस किलो वांगी भाजली. भरताचं वांगं पाण्याखाली धरून सोललेलं आबांना चालत नाही, चव जाते म्हणतात. गरमागरम सोलायचं. सहा-सात वांग्यांत प्रेमराजच्या बोटांची सालं निघायची वेळ आली. बाजेवर ललितचे नवे कोरे हातमोजे पडले होते. क्लबात कुणाकडे नव्हते तसे, पुण्याहून मागवलेले, तळव्याला मऊ फोम लावलेले. चेंडू त्याला चिकटल्यासारखा बसायचा. प्रेमराजनं इकडेतिकडे पाहिलं, ते हातात चढवले आणि उरलेली सगळी वांगी सोलली. तेवढ्यावर थांबता तरी चाललं असतं. पण लसूण-मिरचीच्या फोडणीची कढईही त्यानं त्याच हातमोज्यांनी उतरवली, आणि तेल तळव्यावरून मनगटापर्यंत आलं.

मग सुरू झाली निस्तरानिस्तर. राख चोळली. कपड्यांचा साबण चोळला. वाळेनात म्हणून जाळाजवळ धरले. कुठल्याही गोलकीपरला हे ऐकून भोवळ येईल, कारण राख, साबण आणि आच यांतलं एकही त्या फोमला चालत नाही. वरून मोजे बरे दिसत होते. प्रेमराजनं ते गुपचूप ललितच्या थैलीत ठेवले आणि पानावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात एक-एक अशी बरोबरी असताना, शेवटच्या तीन मिनिटांत, लांबून एक साधा चेंडू आला. पोरासोरांनी धरावा असा. ललितनं तो दोन्ही हातांत घेतला आणि साबणाची वडी निसटावी तसा तो निसटून मागे गेला. नवजीवन हरलं. जानेवारीत आबांनी चाळीस माणसांसमोर ललितला लोण्याच्या हाताचा म्हटलं आणि क्लबनं त्याला मोकळं केलं. प्रेमराज मूग गिळून बसला. पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं, आणि मग रोजच राहत गेलं.

त्याहून वाईट पुढेच होतं. मोकळं केल्यावर आठवड्याभरात, सकाळी सहाला, ललितची मोटारसायकल प्रेमराजच्या दारात उभी. यावलकडच्या आपल्या गावाहून थंडीत तापी ओलांडून आलेला, कानाला मफलर, नाक लाल.

"चाल," तो म्हणाला. "माझ्या जागी उभा राहशील तं नीट उभा राह्य."

आणि त्यानं शिकवलं. आठवड्यातून दोनदा, तब्बल चार महिने. पाय कसे ठेवायचे, मारणाऱ्याच्या कमरेकडे कसं बघायचं, पडताना खांदा कसा वाचवायचा. एकदाही स्वतःचं रडगाणं नाही, क्लबबद्दल वाकडा शब्द नाही. मेघा चहा करून द्यायची, तो उभ्या उभ्या पिऊन केळीच्या बागेकडे परत जायचा. प्रेमराजला जे काही येत होतं ते या माणसाचं होतं. त्याच्याशी डोळ्याला डोळा भिडवताना मात्र प्रेमराजची मान खाली जायची, आणि ललितला वाटायचं, पोरगा लाजाळू आहे. निदान प्रेमराजला तसं वाटायचं की ललितला तसं वाटतं.

सभेच्या सकाळी शर्टाची बटणं लावता लावता तो मेघाला म्हणाला, "मी सही करी देस."

मेघा डबा घासत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "आनि हातमोजासनं?"

"सही करी दिधी म्हंजे फिटनं ना."

"कसं काय फिटनं?" आता ती वळली. "लोक म्हनतीन, देखा, प्रेमराजनं मन कितलं मोठं शे. तुम्ही ते ऐकी ल्यशात?"

एखादी बाई इतकं बरोबर बोलते की नवऱ्याला दुसरं बटणच सापडत नाही.

शेतात पोचला तेव्हा बारा वाजत आले होते. बांधाच्या कडेला जाळ धडधडत होता आणि उखर्डूबाबा लांब काठीनं वांगी फिरवत होते. पलीकडे बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या लाटत होत्या. सतरंज्यांवर चाळीसेक माणसं. ललित एका कडेला बसला होता, अर्जदार म्हणून जरा वेगळा, जरा पाहुण्यासारखा. तेहतीस वर्षांचा, उन्हानं रापलेला. ज्या क्लबाला त्यानं सात वर्षं दिली तिथं तो पायातली चप्पल काढावी की राहू द्यावी अशा घोळात होता, हे प्रेमराजनं पाहिलं.

जितेंद्र सरांनी अर्ज वाचला. आबांनी टोपी सारखी केली.

"जागेवाला प्रेमराज," ते म्हणाले. "बोल भाऊ. देतोस सही?"

"देतो आबा."

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. तीस वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. मग टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रे वाघ! याला म्हणतात मन!" दुसरा म्हणाला, "साक्रीचं पाणी आहे बाबा ते!" सरांनी ठरावाची वही आणि पेन पुढं केलं. प्रेमराजनं पेन हातात घेतलं. मेघानं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं कानावर पडत होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याला खडा लागावा तसा लागत होता. त्यानं पेन खाली ठेवलं. तो गडबडला की त्याच्या तोंडून घरची बोली यायची, तशीच ती आता आली.

"आबा, सहीना आगोदर माले एक गोट सांगनी शे," तो म्हणाला. "धुयाना सामनाना गोल ललितभाऊनी चूक नव्हती. ते हातमोजा मी बिघाडात."

आणि त्यानं सगळं सांगितलं. वांगी, कढई, राख, साबण, जाळ. काही लपवलं नाही, आणि स्वतःची कड घेतली नाही.

आबांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. राग प्रेमराजवर होताच, पण चाळीस माणसांसमोर लोण्याचे हात म्हणणारे आपणच, याचा तो जास्त होता.

"दोन वर्षं!" ते ओरडले. "दोन वर्षं आपण या पोराच्या नावानं खडे फोडले, आणि तू ऐकत बसलास?"

"हो आबा."

"ललित! ऐकलंस ना हे?"

ललितनं एक गवताची काडी दातात धरली होती ती काढली. "मले मालूम व्हतं, आबा."

सगळ्या माना तिकडे फिरल्या.

"पहिल्या हाफलेच मालूम पडलं. हात तोंडापाशी नेला तं लसणाचा वास. म्हटलं, काल भरीत मी खाल्लं का मोज्यांनी खाल्लं?"

दोघंतिघं फिसकन हसले आणि आबांकडे पाहून गप्प झाले. ललित पुढं बोलला तेव्हा मात्र त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"थैलीत माझी जुनी जोडी व्हती. फाटकी, पण चेंडू धरणारी. हाफटाइमले बदलली असती तं काम झालं असतं. पण फायनल व्हती, पेपरवाले फोटो काढू राह्यले व्हते, आन् मले नवे मोजे दाखवायचे व्हते. मोजे यानं बिघडवले, खरं. गोल माझाच व्हता."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस, शहाण्या?" आबा म्हणाले.

"सांगितलं असतं तं तुम्ही दोघांलेही काढलं असतं. मंग गोलमधी कोण, तुम्ही?"

आता हसू कुणालाच आवरलं नाही. प्रेमराज तेवढा हसला नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. थंडीतल्या त्या सगळ्या सकाळी, लाल नाक, उभ्यानं घेतलेला चहा.

"म्हंजे माले शिकाडाले येत व्हतात," त्यानं विचारलं, "तवय तुम्हले बठ्ठं माहीत व्हतं?"

"मंग? माहीत नसतं तं आलोच नसतो," ललित म्हणाला. "तू मोजे जाळाजवळ वाळवले, प्रेम्या. तुले गोलकीपरचं काहीच येत नाही हे मले तिथंच समजलं. क्लबचं वाटोळं थोडंच होऊ द्यायचं व्हतं?"

प्रेमराजला वाटलं होतं, खरं सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलंच. पण त्याच्या जागी जे आलं ते त्याला पेलवेना. आयुष्यात आपल्याला कुणी एवढा जीव लावावा आणि ते आपल्याला दोन वर्षं कळूही नये! कृतज्ञता म्हणतात ती पुस्तकात गोड वाटते. खरी येते तेव्हा माणसाला बसल्या जागी जमीन शोधावी लागते.

आबा मात्र बधणाऱ्यांतले नव्हते. "आधी सही कर," त्यांनी फर्मावलं.

प्रेमराजनं सही केली. अक्षर नेटकं आलं. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, या वेळी ललितसाठी.

"ललित क्लबात आला. गोलची जागा ललितची," आबा म्हणाले. "सर, आता दुसरा ठराव लिहा. खेळात चूक होते, ती मी पोटात घालतो. पण दोन वर्षं गप्प बसणं ही खेळातली चूक नाही. प्रेमराजला आजपासून मोकळं केलं."

सर थबकले. "आबा, जरा..."

"लिहा."

सरांनी लिहिलं. आबांनी सही ठोकली. आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रेमराजनं मान हलवली. त्याला आबांचा राग आला नाही. वडिलांना काय सांगायचं एवढा एकच विचार मनात आला, आणि खरं तेच सांगायचं हेही लगेच ठरलं. त्यानं चपला पायात सरकवायला घेतल्या.

तिकडून उखर्डूबाबांनी हाक दिली, "वांगी झाली बर का!"

"थांबा बाबा, बडगीत टाकू नका!" ललित उठून उभा राहिला. "आबा, सभा चालू आहे ना अजून? एक अर्ज राह्यला."

"कोणाचा?"

"प्रेमराजचा. मोकळ्या केलेल्या खेळाडूले परत घ्यायचं असलं तं काय लागते?"

आबांनी टोपी पुन्हा सारखी केली. त्यांना कळलं होतं. जितेंद्र सरांना आबांच्याही आधी कळलं होतं आणि ते वहीत तोंड खुपसून हसत होते.

"जागेवाल्याची सही लागते," ललितनंच उत्तर दिलं. "गोलची जागा कोणाची? तुम्हीच म्हणे, माझी. मंग द्या तो पेन."

"पण यानं अर्ज कुठं केलाय?" आबांनी अडवून पाहिलं.

ललित प्रेमराजकडे वळला. "काय रे, एका पायात चप्पल घालून काय उभा? अर्ज कर. तोंडी चालते."

प्रेमराजनं दोन्ही हात जोडले, आबांना नाही, ललितला, आणि म्हणाला, "माले परत ल्या."

ललितनं वहीवर सही केली. आपलं पूर्ण नाव, सावकाश, केळीच्या घडांवर व्यापारी खूण करतात तसं जोर देऊन. आबांनी ती सही वाचली. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ललित," ते म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज बारीक झाला, "मी तुझ्या हातांना जे बोललो ना... ते मी परत घेतो. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर परत घेतो."

"जाऊ द्या आबा. भूक लागली."

वांगी बडगीत पडली आणि सभा संपली. प्रेमराज बांधापलीकडे बाभळीखाली गेला आणि त्यानं मेघाला फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला.

"काय व्हयनं?"

"माले काढी टाकं," तो म्हणाला.

"अरे देवा. मी तुम्हले उगाच सांगं वो. मनीच चूक..."

"ऐक ते खरी. परत लिधं."

"कोन्ही?"

"ललितभाऊनी. त्येस्नीच सही शे. आते मी राखीव. नवा सालमा धुयाले ते गोलमा, आनि मी बाकवर."

त्याचा आवाज ऐकून मेघा हळूच म्हणाली, "तुम्ही रडी राह्यनात का?"

"हा," प्रेमराज म्हणाला. "पन मेघा, इतलं बरं माले कधीच वाटनं नही."